तीन ते सहा इंच

ग्रॅनाइट फोर्क, कोलोरॅडो
सोमवार, १८ मार्च

आदरणीय ओपल आत्या,

तुमच्या भाच्याचा वाकून नमस्कार. पत्र मिळालं. कंबर आता कशी आहे? (डॉक्टरांनी जिना चढायला मनाई केली म्हणून तुम्ही जिना न सोडता डॉक्टर सोडलात, असं कळलं. आपल्या घराण्याला शोभेल असंच आहे ते.) टर्की पक्षी धडधाकट असतील, शेजारीण अजून बोलत नसेल, आणि तिकडे नेब्रास्कात वारा नेहमीसारखा थेट समोरून येत असेल, असं धरून चालतो.

इकडे गेल्या आठवड्यात वादळ झालं. तुम्ही ते पेपरात वाचलं असेल, पण पेपरात माझं नाव नव्हतं, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी फेब्रुवारीबद्दल दोन शब्द, कारण गावात त्याशिवाय माझ्याशी कुणी बोलणं सुरूच करत नाही. फेब्रुवारीत आमच्या हवामान ऑफिसातून मी अठरा इंच बर्फ पडेल असं सांगितलं होतं. शाळा बंद ठेवल्या, लायलच्या दुकानातला पाव संपला, आणि ठरलेल्या दिवशी इतकं लख्ख ऊन पडलं की पोस्टमन अर्ध्या चड्डीत फिरला. लायलने दुकानाबाहेर पाटी लावली: ‘आजचा ताजा माल – डेल्बर्टचा अठरा इंच सूर्यप्रकाश’. रविवारी चर्चमध्ये पाद्रीबाबांनी ‘आकाशाकडे पाहून पोट भरणाऱ्यांसाठी’ खास प्रार्थना केली आणि ती करताना माझ्याकडे पाहिलं. आत्या, यात माझी चूक चाळीस मैलांची होती. वारा पूर्वेकडून आला की ढग डोंगराला धडकतात, वर चढतात आणि सगळं ओझं आमच्या अंगणात टाकतात. वादळ जरा दक्षिणेला सरकलं की तेच ओझं दुसऱ्याच्या अंगणात. चाळीस मैल म्हणजे नकाशावर माझ्या करंगळीचं नख. चोवीस वर्षं मी त्या नखावर नोकरी करतो आहे.

तर गेल्या सोमवारी नवे नकाशे आले. एक संगणक म्हणत होता तीस इंच, दुसरा म्हणत होता पावसाची भुरभुर. आमच्या साहेब व्हिटलो बाई (यांनी उभ्या जन्मात आवाज चढवलेला नाही, म्हणूनच त्यांची भीती वाटते) माझ्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “डेल्बर्ट, फेब्रुवारी आठवतोय ना? तीन ते सहा लिही.” मी तीन ते सहा लिहिलं. तीन ते सहा इंच हा आमच्या धंद्यातला उकडलेला बटाटा आहे. त्याने कुणाचं पोट भरत नाही आणि कुणाचं बिघडतही नाही.

अर्ध्या तासाने इर्मा बाऊरचा फोन आला. तुम्ही तिला ओळखत नाही. नवरा गेल्यापासून सात वर्षं वरच्या कुरणातली गुरं ती एकटी सांभाळते. वरच्या कुरणात झाड नाही, आडोसा नाही, नुसतं आभाळ आहे. तिथे ओलं वासरू बर्फात जन्मलं तर ते उठून उभं राहायच्या आत गारठून जातं.

“तुझा अंदाज वाचला,” ती म्हणाली. “आता तो बाजूला ठेव. गाई तुझ्या असत्या तर काय केलं असतंस?”

मी म्हटलं की सध्याची परिस्थिती बघता शक्यता अशी आहे की...

“शक्यता माझ्याकडे एकशे चाळीस आहेत. त्यातल्या साठ कधीही वितील. तू नीट बोल.”

फोनमधून तिचा कॉफीत फिरणारा चमचा ऐकू येत होता. शेवटी म्हणालो, “खाली आण,” आणि फोन ठेवून दिला, कारण आणखी एक वाक्य बोललो असतो तर पहिलं मागे घेतलं असतं.

मंगळवारी ऊन होतं. इर्मा, तिचे दोन दीर आणि तीन कुत्री मिळून एकशे चाळीस गाई खाली घेऊन निघाले. आणि खाली यायला रस्ता एकच, आमचा बाजाराचा. एक गाय वाटेतच व्याली, ते वासरू इर्माने पिकअपच्या पुढच्या सीटवर टॉवेलात गुंडाळून ठेवलं. लायल दारात उभा होता. त्याने विचारलं, “ही वरात कुठे?” ती म्हणाली, “खाली.” “का गं?” “डेल्बर्ट म्हणाला.”

बस, एवढंच. दुपारपर्यंत गावातली सगळी फावडी विकली गेली. (मी संध्याकाळी गेलो तेव्हा लायलकडे फक्त एक चमचा शिल्लक होता, तोही आइस्क्रीमचा.) शाळेच्या मुख्याध्यापकांनी ऑफिसात फोन करून विचारलं, “तुमचं तीन ते सहा वाचलं, पण मग गाई कशाला खाली चालल्यात?” व्हिटलो बाई माझ्या टेबलाशी आल्या. “डेल्बर्ट, आपला अंदाज कोणता धरायचा? कागदावरचा की गाईंचा?” मी म्हटलं, कागदावरचा. “आणि खरं सांगायचं तर?” मी खिडकीबाहेर पाहिलं. त्या गेल्या आणि नवऱ्याला फोन करून गाडी शेजाऱ्यांच्या गॅरेजमध्ये लावायला सांगितली. ते मी ऐकलं.

बुधवारी मी पायीच ऑफिसला गेलो. सकाळी थोडी भुरभुर झाली आणि दहाला ऊन पडलं. लायलचा फोन: “पाव परत घ्यायला सुरुवात करू का रे?” इर्माचा फोन आला नाही, आणि आत्या, तेच मला जड गेलं. एका शब्दावर त्या बाईने गाभण गुरं सहा मैल चालवली होती. ती काही बोलली असती तर मला उत्तर देता आलं असतं. मी डबा उघडला आणि तसाच बंद केला.

एक वाजता शाळेवरचा झेंडा, जो सकाळपासून ओल्या फडक्यासारखा लोंबत होता, तो हलला आणि डोंगराकडे बोट दाखवू लागला. दोनला डोंगर दिसेनासा झाला. अडीचला शाळा. गुरुवारी दुपारी व्हिटलो बाईंनी स्वतः पट्टी घेऊन मोजलं: एकतीस इंच. कमी भरेल या आशेने त्यांनी पुन्हा मोजलं, तोवर बत्तीस झालं होतं. आम्ही दोघं दोन दिवस ऑफिसात अडकलो आणि बिस्किटं नि डब्यातले गार घेवडे खाऊन राहिलो. अधिकाऱ्याबरोबर गार घेवडे खाल्ले की भीड म्हणून काही उरत नाही.

वरच्या कुरणाचं कुंपण तारेसकट गडप झालं. खाली इर्माच्या गोठ्यात त्या दोन दिवसांत बावीस वासरं झाली, सगळीच्या सगळी कोरड्या गवतावर. माझी गाडी मात्र ज्या पत्र्याच्या छपराखाली होती ते छप्पर तिच्यावर बसलं. शुक्रवारी इर्मा ट्रॅक्टर घेऊन आली, माझ्या दारापर्यंत वाट काढली, छप्पर पाहिलं आणि म्हणाली, “लोकांच्या गाई खाली आणतोस, आणि स्वतःची गाडी बाहेर काढता आली नाही?” मग सूपचा डबा हातात दिला. गरम होतं.

आता दप्तरी स्थिती अशी. कागदावर तीन ते सहा, पडले बत्तीस, म्हणजे ही आमच्या ऑफिसची वर्षातली सर्वांत मोठी चूक, आणि ती माझ्या नावावर. वरून कारणे मागवली आहेत. मी ‘वारा’ असं उत्तर पाठवलं. ‘अधिक तपशील द्यावा’ म्हणून ते परत आलं. गावात आता मला कुणी विचारत नाही. सगळे इर्माला फोन करून गाई काय करताहेत ते विचारतात. काल एक गाय पाठ खाजवायला कुंपणाशी गेली, तर लायलने वीस फावडी मागवली.

तिकडे सर्वांना नमस्कार. शेजारणीलाही, तुमची हरकत नसेल तर.

तुमचा भाचा,
डेल्बर्ट

ता. क. येत्या शुक्रवारी इकडे यायला मोटारीने निघू का, असं तुम्ही विचारलं आहे. ऑफिसचा अंदाज: एक ते दोन इंच, रस्ते मोकळे.

ता. क. २. निघू नका.

ता. क. ३. इर्माने हे पत्र वाचलं. तिचं म्हणणं, म्हाताऱ्या माणसाला घाबरवू नकोस, खरं काय ते लिही. तर खरं असं की शुक्रवारी आभाळ स्वच्छ असेल, पण तुम्हाला झोपायला जागा नाही. त्या छपरामागोमाग पाहुण्यांच्या खोलीचं आढंही खाली आलं. मी सध्या इर्माकडे, गोठ्यावरच्या खोलीत राहतो. तुम्ही अकरा मेला या. येताना आजीची लग्नातली अंगठी आणा. कार्यक्रम उघड्यावर आहे. हवा कशी असेल ते सगळ्यांनी विचारलं आणि मी सगळ्यांना ‘उत्तम’ म्हणून सांगितलं आहे, तेव्हा लोकरीचा कोट विसरू नका.