उष्ट्याचा गॅस

३ नोव्हेंबर, सोमवार
अपमान झाला आज! विद्यापीठाच्या मेसमध्ये भाकरी थापता थापता माझे केस पिकले. पोरं मला अव्वा, म्हणजे आजी, म्हणतात, जास्तीची भाकरी मागून घेतात. आणि कालपरवा आलेली पोरगी सगळ्या बायकांसमोर म्हणते — "आजी, तुमच्या चुलीतली अर्धी आग नुसती भिंत तापवते."
प्रियदर्शनी नाव. बोथ गावच्या भाजीवाल्याची मुलगी, इंजिनेर झाली. गच्चीवर सोलर बसवून झालं, खोल्यांतले बल्ब बदलून झाले, करंट वाचला म्हणून साहेब लोक खूश. आता नजर माझ्या चुलीवर. मेसच्या मागं टाकी बांधली. पोरांच्या ताटातलं उष्टं तिच्यात टाकायचं, ते कुजलं की गॅस होतो, त्या गॅसवर स्वयंपाक. लाकडाची लॉरी बंद.
उष्ट्यावर शिजवायचं! मी विचारलं, तुझ्या बापाची वांगी सडली तर तो गिऱ्हाइकाला गॅस देतो का? बायका हसल्या. तीही हसली. तेच जास्त लागलं.

५ नोव्हेंबर
टाकी दाखवायला नेलं आमाला. बाकीच्या नाकाला पदर लावून उभ्या. एकटी प्रयागबाई विचारून राह्यली. चुलीत लाकडं सारायचं काम तिचं, म्हणून धूरही तिच्याच वाट्याचा. थंडी पडली की खोकून खोकून वाकडी होते. या गॅसचा धूर नाई ना, असं दोनदा विचारलं तिनं.
मी म्हणाले, "तुला लय घाई सुटली." तिनंही मग नाकाला पदर लावला.

६ नोव्हेंबर
जेवताना बायकांना सांगितलं — टाकीला होस्टेलच्या संडासाचा पाइप जोडला आहे, माझ्या डोळ्यानं पाह्यला.
पाह्यला नाई. असला पाइपच नाई तिथं.
तोंडातून निघून गेलं. बायकांचे घास हातात राह्यले, ते पाहून बरं वाटलं. इथं वहीत तरी खोटं काऊन लिहू.

१० नोव्हेंबर, सोमवार
गॅस सुरू झाला. निळी आग, वास नाई, काजळी नाई. पण एक बाई शेगडीजवळ जाईना. मेसचे मॅनेजर भगवंतराव समजावून परेशान झाले. शेवटी प्रियदर्शनीनं पदर खोचून स्वतः खिचडी केली. पोरांनी ताट पुढं केलं नाई — संडासाची गोष्ट होस्टेलभर पोचली होती. एवढं मोठं पातेलं तिनं एकटीनं टाकीपर्यंत ओढत नेलं. धरू लागायला कोणी उठलं नाई. मीही नाई.
मग चूल पेटवली. माझ्याच मनासारखं झालं म्हणायचं. भाकऱ्या मात्र करपल्या.

१८ नोव्हेंबर
प्रयागला चुलीपुढं धाप लागली. ओठ निळे पडले. सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाला, धुरात बसणं सोडा, नाई तर छाती कामातून जाईल. ती माझ्याकडं पाहून राह्यली. मी दुसरीकडं पाह्यलं.

२१ नोव्हेंबर
प्रयाग परत चुलीपुढं. घरी बसून काय खाऊ, म्हणते.
भगवंतराव सांगून गेले — या महिन्यात गॅस वापरला नाई तर टाकी कायमची बंद, वरून हुकूम आहे.
म्हणजे प्रयागनं मरेपर्यंत धूर खायचा. माझ्यापायी.
दुपारी बायकांना बसवलं आणि सांगितलं, पाइप नाई, मी खोटं बोलले. लिहायला एवढीशी ओळ. बोलताना घाम फुटला.
त्यांच्यातली मथुराबाई म्हणाली, "साहेबानं दम दिला असंल तुमाले. आमी समजलो."
सगळ्यांनी माना हलवल्या. खोटं एका घासात गिळलं होतं त्यांनी. खरं कोणी तोंडात घेईना.

२२ नोव्हेंबर
प्रियदर्शनीला सांगायला गेले. टाकीपाशी एकटीच बसली होती. "जेवलात का आजी?" म्हणाली. तशीच माघारी आले.

२४ नोव्हेंबर, सोमवार
सकाळी प्रयागनं चूल पेटवली नाई. सरळ जाऊन गॅसवर चहा ठेवला. कोणी अडवलं नाई, सगळ्या पाहून राह्यल्या. पहिला कप तिनं माझ्यापुढं ठेवला. चटका बसला तरी मी सगळा प्याले. मग दुसरा मागितला. थोड्या वेळानं मथुराबाई पुढं आली, म्हणाली, मलेही ओत. दुपारच्या भाकऱ्या गॅसवर झाल्या. मी तिथूनच प्रियदर्शनीकडं गेले आणि उभ्या उभ्या सांगून टाकलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. खाली मान घालून म्हणाली, भिंतीचं बोलायला नको होतं मी.

२५ नोव्हेंबर
प्रयागला म्हणाले, सगळ्या बायकांत तुला एकटीला माझं खरं वाटलं.
ती म्हणाली, "पाइप नाई ते मले पैल्याच दिवशी मालूम होतं, मावशी. पन तुमच्या तोंडापुढं कोन बोलंल?"