मुंगीचा कोरा पेपर

दि. ४ मार्च
स्टाफरूम, खिडकीजवळची डगमगणारी खुर्ची

ती. दादास,
सा. न. वि. वि.

साष्टांग खरोखरच घालणार होते, पण इथली फरशी आत्ताच पुसली आहे, तेव्हा उभ्यानेच घातलाय असं समज. मी ठीक आहे. घसा बसलाय, पण तो मार्चमध्ये दरवर्षीच बसतो.

कामाचं बोलते. माझ्या चौथीची इंग्रजीची वार्षिक परीक्षा झाली. दोन भाग होते. एक उतारा वाचून दहा प्रश्नांची उत्तरं, आणि दुसरं माहिती देणारं लेखन, म्हणजे एखादी गोष्ट वाचणाऱ्याला नीट कळेल अशी सांगायची. विषय होता 'आपली शाळा'. एकतीस पेपर तपासायला घेतले आणि तिसाव्यापर्यंत डोकं गरगरायला लागलं. सगळ्यांची शाळा मोठी, सगळ्यांची शाळा सुंदर, सगळ्यांच्या शाळेत बाग. दादा, आमच्या शाळेत बाग नाही. एक कुंडी आहे आणि तिच्यात शिपाई छत्री ठेवतो. गाइडमधली शाळा सगळ्यांनी पाठ करून आणली होती. याला गुण कसे द्यायचे?

म्हणून मी एक खूळ काढलंय. वर्गात सांगितलं की माझा एक दादा आहे, दूरच्या गावात लिफ्ट दुरुस्त करतो, त्यापलीकडे त्याला जगातलं काही म्हणता काही येत नाही. त्याला एखादं काम कसं करायचं ते इंग्रजीत लिहून कळवा, तो अगदी तसंच करेल आणि काय झालं ते सांगेल. रागावू नकोस. मुलांना उत्साह यावा म्हणून जरा वाढवून सांगितलं, जराच. चार नमुने सोबत पाठवतेय. लिहिलं असेल तेवढंच करायचं, पदरचं डोकं वापरायचं नाही. ही अट तुला जड जाणार नाही, असं वहिनी म्हणेलच.

आता काळजीची गोष्ट. एकतिसावा पेपर कोरा होता. ही मुलगी एवढीशी आणि सतत कशात तरी गढलेली, म्हणून सगळे तिला मुंगी म्हणतात. आई बॅगा दुरुस्त करते. उतारा मी दरवर्षी शिकवते त्या धड्यातलाच, एका म्हाताऱ्या पोस्टमनचा होता. नोकरीच्या शेवटच्या दिवशी तो शेवटचं पत्र भलत्याच घरात टाकतो. त्याखाली दहा प्रश्न, आणि मुंगीच्या दहा कोऱ्या जागा. 'आपली शाळा'सुद्धा कोरीच. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, म्हणाल्या की वाचनात शून्य म्हणजे पुन्हा चौथी, नियम आहे. आणि तिची धाकटी बहीण यंदा तिसरीत आहे रे! पुढच्या वर्षी दोघी एकाच बाकावर. पंचवीस तारखेला निकाल आहे.

पण गंमत बघ. तुझ्यासाठी लिहा म्हटल्यावर सगळ्यांत आधी हिनेच वही उघडली. तीन पानं! स्पेलिंग असं की मोठ्याने वाचल्याशिवाय शब्द कळत नाही. त्यात अर्थ किती आहे ते तूच करून बघ.

कळावे. लोभ आहे तेवढा पुरे, उत्तर मात्र लगेच हवं.

तुझी
ठमी


दि. १० मार्च
घर, दोन्ही पाय स्टुलावर

चि. ठमीस,
अ. उ. आ.

आशीर्वाद देतोय, पण दातओठ खात. जगातलं काही येत नाही काय? ठीक आहे. आता तुझ्या शिष्यांचे प्रताप ऐक.

'रस्ता कसा ओलांडावा' यापासून सुरुवात केली. डावीकडे पाहा, उजवीकडे पाहा, पुन्हा डावीकडे पाहा, नेहमी असंच करा. कामावर जाताना चौकात उभा राहिलो आणि पाहायला लागलो. डावीकडे, उजवीकडे, डावीकडे. पुढे चालायला लागा, असं त्या पानावर कुठेच नाही, मी उलटून पाहिलं. वीस मिनिटं झाली. शेवटी एका काठीवाल्या आजींनी माझा हात धरला आणि पलीकडे नेऊन सोडलं. घाबरायचं नाही बाळा, म्हणाल्या. मी सेहेचाळीस वर्षांचा आहे, ठमे.

टाय बांधण्याच्या कृतीत चौथी पायरी अशी की आता टाय बांधा. पाचवी पायरी नाही. लग्नातला टाय दिवसभर गळ्यात नुसता लोंबकळत ठेवला. आमच्या साहेबांना वाटलं की मी राजीनामा द्यायला आलोय, आणि त्यांनी मला चहा पाजला.

अंडं उकडण्याच्या कृतीत अंडं आहे, पातेलं आहे, गॅस आहे, दहा मिनिटं आहेत. पाणी नाही. तुझ्या वहिनीला तिसऱ्या मिनिटाला वास आला. मी तिला सांगत होतो की थांब, पदरचं डोकं वापरायचं नाही, तेवढ्यात फट् झालं. छताला जे चिकटलंय ते अजून निघालेलं नाही. वहिनीने तुला प्रेमळ निरोप दिला होता, तो मी इथे लिहीत नाही.

आणि मग मुंगी. 'अडकलेली चेन कशी सोडवावी.' माझ्या हत्यारांच्या बॅगेची चेन दोन वर्षांपासून अडकली आहे. बाजूला एक भोक पाडून मी त्यातून पाने काढत होतो. मुंगीची पहिली पायरी वाचली आणि खुर्चीत ताठ बसलो. ओढू नका, असं लिहिलंय. पुढचं वाक्य, तुम्ही आधीच ओढलं असेल. त्याच्या पुढचं, आता थांबा. अगं, माझा हात खरोखरच चेनवर होता! मग आत कापड अडकलंय का ते दिव्याखाली बघा, असेल तर आडवं काढा, उभं नाही. पेन्सिलीचं शिसं दोन्ही बाजूंच्या दातांना घासा. चेन आधी मागे न्या, मग पुढे. सरकली तर बोट आत घालू नका, कारण तुम्हाला आनंद होईल आणि चिमटा बसेल. सरकली! आनंद झाला! चिमटा बसला नाही! आत माझी पक्कड, एक डबा आणि वहिनीचा हरवलेला चष्मा निघाला. या चष्म्यासाठी तिने शेजारणीशी सहा महिने अबोला धरला होता.

बावीस वर्षं मी लिफ्टची इंग्रजी सूचनापत्रकं वाचतोय. ती लिहिणाऱ्यांपैकी एकाच्याही मनात कधी आलं नाही की वाचणारा माणूस आत्ता काय घोळ घालत बसला असेल. या पोरीच्या आलं. हिला वाचता येत नाही, असं कोण म्हणतं?

आणि तो पोस्टमन! पत्र भलत्या घरात का टाकलं त्याने? अर्धीच गोष्ट सांगून मोकळी झालीस. वहिनी म्हणते म्हाताऱ्याला दिसत नसेल, मी म्हणतो मुद्दाम टाकलं. चार दिवस हेच चाललंय.

इथेच थांबतो. लोभ कमी केला असता, पण चष्मा सापडल्यामुळे माफ केलं.

तुझा
दादा


दि. १४ मार्च
वर्ग, मधली सुट्टी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वर्गात वाचलं. आजींपर्यंत आले तेव्हा मुलं बाकांवर चढली होती, अंड्यापर्यंत आले तेव्हा मी. शेजारच्या वर्गातून शिक्षक बघायला आले की काय कोसळलं. आता रस्तेवाल्याने नवीन पान लिहिलंय, त्यात 'आता चाला' तीन वेळा आहे. अंडेवालीने पाणी घातलंय, पातेलं भरून आणि वर एक बादली. सगळे पुन्हा लिहितायत, कुणी न सांगता. नऊ वर्षांत असा वर्ग मी पाहिला नव्हता.

मुंगीचा मजकूर मोठ्या बाईंना दाखवला. त्यांनी वाचला, लेखनाचे गुण दिले, आणि म्हणाल्या की वाचनाचं काय? ते कोरं ते कोरंच.

मग आज मी मुंगीला जवळ बसवून विचारलं की बाई गं, तू का नाही लिहिलंस? तिने माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. मग म्हणाली की बाई, उतारा तुमच्याजवळही होता. तुम्ही वाचला होता. शाळा तर तुमचीच आहे. तुम्हाला माहीत असलेलं तुम्हालाच कसं सांगायचं? तिच्या घरी सांगून ठेवलंय म्हणे, मोठ्यांना शिकवायला जायचं नाही.

दादा, हसू का रडू तेच कळेना. मी दिवसभर पोरांना तेच विचारत असते जे मला आधीच माहीत असतं!

मोठ्या बाईंनी फेरपरीक्षा मान्य केली, त्यांच्या अटीवर. उतारा तोच, प्रश्न तेच दहा, उत्तरं तिने तुला पत्रातून लिहायची, तीच उत्तरपत्रिका, आणि पहिल्या 'का'चं उत्तर बरोबर हवंच. बाकीची नऊ नुसती ओळी शोधूनही जमतात, समज दिसते ती पहिल्यात, असं त्या म्हणाल्या. मी काही सुचवायचं नाही. आता सगळं तुझ्यावर आहे. प्रश्न सोबत जोडलेत. उतारा मिळाला तरी वाचू नकोस, पोस्टमनने तसं का केलं ते मी तुला मेले तरी सांगणार नाही. तू मुंगीला विचार. खरंच विचार, नुसते प्रश्न उतरवून पाठवू नकोस, तिला लगेच कळेल.

कळावे, आणि लवकर कळवावे. लोभाचा सगळा साठा या कामी लाव.

तुझी
ठमी


(दादाने मुंगीला इंग्रजीत पत्र लिहिलं, त्याचा मराठी कच्चा खर्डा)

दि. १८ मार्च

चि. मुंगीस,
अ. उ. आ.

माझी चेन उघडली. तुझे उपकार आहेत. आता दुसरं एक काम अडलंय, तेही तुलाच जमेल असं दिसतं.

तुझ्या बाईंनी पोस्टमनची गोष्ट मला अर्धीच सांगितली. उतारा मी पाहिलेला नाही. आमच्या घरी यावरून भांडण जुंपलंय. तुझी काकू म्हणते त्याला दिसत नव्हतं, मी म्हणतो त्याने मुद्दाम केलं. जो हरेल त्याने स्टुलावर चढून स्वयंपाकघराचं छत घासायचं, आणि माझी कंबर दुखते. तेव्हा पहिला प्रश्न जीवनमरणाचा आहे: का टाकलं त्याने ते पत्र भलत्या घरात?

बाकीचेही सांग. पत्र कुणाचं होतं? त्या घरात कोण राहायचं? पोस्टमनने किती वर्षं नोकरी केली? सगळे दहा खाली लिहिलेत. सातवा प्रश्न असा की पोस्टमनच्या सायकलचा रंग कोणता. खोटं कशाला बोलू, मला त्याच्याशी काही देणंघेणं नाही, पण यादीत आहे म्हणून लिहिला. शेवटी काय झालं ते मात्र नक्की सांग.

वाट बघतोय. काकूही बघतेय, पण ती कबूल करणार नाही.

तुझा
लिफ्टवाला काका


दि. २४ मार्च
शाळा, मोठ्या बाईंच्या खोलीबाहेरचा बाक

ती. दादास आणि सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

मुंगीचं मूळ पत्र उत्तरपत्रिका म्हणून फाइलला लागलंय. वहिनीसाठी मराठीत उतरवून देते, एक शब्द इकडचा तिकडे केलेला नाही:

'लिफ्टवाले काका, नमस्कार. तुम्ही उतारा वाचलेला नाही असं बाईंनी शपथेवर सांगितलं, म्हणून लिहिते. एक. मुद्दाम. काकूंना सांगा की तो चष्मा लावतो आणि नाव दोनदा वाचतो, तिसरी ओळ. दोन घरांत दोन भाऊ राहतात. मधल्या कुंपणाला फाटक होतं, त्याला त्यांनी खिळे मारले. पत्र धाकट्याचं होतं, पोस्टमनने ते थोरल्याकडे टाकलं. आता थोरल्याला ते द्यायला जावं लागेल. हे उताऱ्यात लिहिलेलं नाही, पण दुसरं कारण असूच शकत नाही. दोन. धाकट्या भावाचं. तीन. थोरला भाऊ. चार. एकेचाळीस वर्षं.' असं करत सहापर्यंत. मग, 'सात. तुम्हाला नको आहे म्हणून लिहिलं नाही. हवं झालं तर कळवा, मला माहीत आहे.' आठ, नऊ. आणि, 'दहा. थोरला पत्र हातात घेऊन कुंपणापाशी उभा राहतो. मग हातोडी आणायला घरात जातो. तिथे उतारा संपतो. काका, छत घासणाऱ्याला सांगा की स्टूल भिंतीला टेकवून ठेवा.'

वहिनी, कपाळावर हात मारू नकोस, तुझ्या सोबतीला भरपूर माणसं आहेत. मोठ्या बाईंच्या नमुना उत्तरात काय लिहिलंय, माहीत आहे? म्हाताऱ्याची नजर कमी झाली होती म्हणून चूक झाली. माझ्या बाकीच्या तीस मुलांनीही तेच लिहिलं, आणि सगळ्यांना मी पूर्ण गुण दिले, कारण मीच तसं शिकवलं होतं. नऊ वर्षं शिकवतेय, दादा. ती तिसरी ओळ नऊ वर्षं माझ्या नाकासमोर होती. ओंजळभर पाण्यात जीव द्यावासा वाटला, आणि त्याच वेळी इतकं हसू येत होतं की तोंडात पदर कोंबला.

मोठ्या बाईंनी नमुना बघून पहिल्या उत्तरावर लाल फुली मारली. मुंगी समोर उभी होती. मला काही सुचवायची बंदी होती, म्हणून मी उताऱ्याचा कागद नुसता त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी चष्मा लावला. वाचला. पुन्हा वाचला. मग मान खाली घालून फुली खोडली, बरोबरची खूण केली आणि मुंगीच्या प्रगतिपुस्तकात आपल्या हाताने 'पाचवी' असं लिहिलं. नमुना उत्तरांचा कागद त्यांनी फाडून टोपलीत टाकला, आणि माझ्याकडे पाहून म्हणाल्या की तुम्ही आणि मी, दोघींनी पुन्हा चौथीत बसायला हवं.

मला वाटलं संपलं. पण त्यांनी मुंगीला जायला सांगितलं नाही. त्यांनी चष्मा काढून हातात घेतला आणि जरा चाचरतच विचारलं की का गं, हातोडी आणल्यावर पुढे काय झालं असेल? हा प्रश्न दहांत नव्हता आणि उताऱ्यातही नव्हता.

मुंगी त्यांच्याकडे टक लावून बघत राहिली. बाईंना हे खरंच माहीत नाही, याची तिने पुरती खात्री करून घेतली. मग खुर्ची ओढून बसली आणि सांगायला लागली. मला बाहेर पाठवलंय. अर्धा तास झाला, आतून दोघींचं हसू ऐकू येतंय आणि मी या बाकावर तुम्हाला लिहितेय.

कळावे. लोभ राहू दे, आज मला तो जास्तच लागतोय.

तुमची
ठमी