एस्किल्डदाजींच्या जहाजाचं पोट

ती. बोडिलताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे नमस्कार अर्ध्यावरच थांबला. उरलेला रविवारी प्रत्यक्ष भेटीत पुरा करीन.) तुझा गुडघा काय म्हणतो? डॉक्टरांनी जिने चढायचे नाहीत असं बजावलं आणि तू अजून तिसऱ्या मजल्यावरच राहतेस, तेव्हा औषधं तरी वेळेवर घेतेस की नाही याची मला शंका आहे. इकडे तुझी भावजय गुद्रुन ठणठणीत आहे. कोंबड्याही बऱ्या आहेत, मात्र त्यांच्या खुराड्याला सध्या दार नाही. तो विषय पुढे येईलच.

दाजी गेले त्याला येत्या रविवारी दोन वर्षं होतील. कप्तानकीतून निवृत्त झाल्या दिवशी त्यांनी हौसेने आणलेला तो लाकडी जहाजाचा खोका तू माझ्या हातात दिलास आणि म्हणालीस, ह्यांचं उघडायचंही राहून गेलं, आता तू पुरं कर. चर्चच्या छताला टांगलेलं जुनं जहाज किडलंय, त्याच्या जागी ह्यांच्या नावाने हे टांगू. मी हो म्हणालो. ताई, खोक्यात दोन डोलकाठ्यांचं आख्खं गलबत होतं, सगळे भाग कापून, आकडे घालून तयार. सोबत चौतीस पानांची पुस्तिका. जोडायचं होतं. बास, एवढंच करायचं होतं.

पण तुझा भाऊ कोण, हे तू जाणतेस. ज्या गावात शेंबडं पोरही सांगतं की माझा आजा अमक्या भूशिराला वळसा घालून आला, त्या गावात मी चाळीस वर्षं फेरीबोट चालवली. पंचावन्न मिनिटं जायला, पंचावन्न मिनिटं यायला, मध्ये कॉफी. दाजी मला प्रेमाने 'बसवाले' म्हणायचे. (प्रेमानेच म्हणायचे, पण चारचौघांत म्हणायचे.) तेव्हा मी ठरवलं की दाजींचं जहाज असं करायचं, की बसवाल्याला जहाजातलं काय कळतं ते साऱ्या गावाने बघावं. पहिल्याच संध्याकाळी मी खोक्यातला नांगर उचलला. ओतीव, गुळगुळीत, खेळण्यातला. मी तो बाजूला टाकला आणि पितळेचा नांगर स्वतः घासून केला. नवा नांगर शोभेना म्हणून त्याची साखळी बदलली. साखळी शोभेना म्हणून कठडा बदलला. त्यानंतर मला कोणी आवरू शकलं नाही.

कप्प्या मी नाशपातीच्या लाकडाच्या केल्या. एकूण एकशे बारा, प्रत्येक मुगाच्या डाळीएवढी. त्यातल्या तीस जमिनीवर पडल्या आणि कोंबड्यांच्या दाण्यात गेल्या, त्या पुन्हा केल्या. (ते नाशपातीचं लाकूड तुझ्या परसातल्या झाडाचं. गेल्या शरदात वाऱ्याने फांदी मोडली असं मी तुला फोनवर सांगितलं होतं. वारा नव्हता.) दोर वळायला गुद्रुनचं अंडी फेटायचं यंत्र घेतलं. दोर झकास झाला, तिचा नाताळातला केक मात्र बसला तो बसलाच. डेकच्या फळ्या दोनशे साठ, आणि प्रत्येकीवर शिसपेन्सिलीचे ठिपके, म्हणजे खिळ्यांची डोकी. आचाऱ्याच्या खोलीत चूल, चुलीवर कॉफीची किटली, किटलीचं झाकण उघडतं. शेवटी सांगाड्याचं प्लायवूडही मला फळकूट वाटू लागलं, तेव्हा ते काढून मी खुराड्याच्या जुन्या दाराचं ओक घातलं. खालची बाजू रंगवली नाही. म्हटलं, ती पाण्याखाली असते, कोण बघतंय!

इथे जरा थांब आणि हस, कारण तुझ्या लक्षात आलंच असेल. साठ वर्षं मी त्याच चर्चमध्ये, त्याच बाकावर, त्या जुन्या जहाजाच्या बरोबर खाली बसतोय. साठ वर्षांत मी त्याचं डेक एकदाही पाहिलेलं नाही. कोणीच पाहिलेलं नाही. पण हे माझ्या डोक्यात कधी आलं? चर्चचं मंडळ पारख करायला घरी आलं तेव्हा. कप्तान विग्गो (तेच अध्यक्ष, दाजींचे जुने सोबती) आत आले, त्यांनी जहाजाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. म्हणाले, "दोन खुर्च्यांवर टेकव." मग टोपी काढली आणि सरळ पाठीवर आडवे झाले. त्यांच्या शेजारी पाळकबाई. त्यांच्या शेजारी मंडळाचे चिटणीस, वय ब्याऐंशी. आपल्याकडे जहाज बघायची रीतच ती. मी किटलीचं झाकण उघडून दाखवायला चिमटा घेऊन वर उभा, आणि मंडळ खाली सतरंजीवर.

तिघांनी माना वळवून तळ न्याहाळला. मग चिटणीस म्हणाले, "इथे काहीतरी लिहिलंय." मीही आडवा झालो. (कंबर तेव्हा धरली.) खुराड्याच्या दारावर मी स्वतःच कधीकाळी पांढऱ्या रंगात लिहिलेली अक्षरं तळावर स्पष्ट दिसत होती: दार लावा, कोल्हा येतो. बाकी सरसाचे ओघळ होते.

"वरचं काम बघा तरी," मी म्हणालो. "दोनशे साठ फळ्या आहेत!"

"पाल्ले," कप्तान पडल्यापडल्या म्हणाले, "ते बघायचं तर आधी मरावं लागेल. मग बघू की निवांत, वरून." आणि उठताना जहाज एका हाताने उचलून पाहायला गेले, ते त्यांच्याने दोन्ही हातांनीही उचलवलं नाही. म्हणाले, हे टांगलं तर छतासकट खाली येईल.

तेवढ्यात गुद्रुन उठली आणि चादरींच्या कपाटातून दुसरं जहाज घेऊन आली. ताई, मी टाकलेला प्रत्येक भाग, नांगर, कप्प्या, सांगाडा, सगळं तिने बिस्किटांच्या डब्यात भरून ठेवलं होतं, आणि मी माळ्यावर असताना पुस्तिका समोर धरून, स्वेटरचे टाके मोजावेत तसं, नऊ संध्याकाळींत आख्खं गलबत उभं केलं होतं. हलकं, सरळ, पोट लालचुटूक. मंडळ पुन्हा आडवं झालं. "वा!" कप्तान म्हणाले, "याला म्हणतात जहाज." रविवारी तेच टांगणार, नाळेचं टोक वेदीकडे, दाजींच्या नावाची पाटी खाली. तू निश्चिंत ये. माझं जहाज माळ्यावर पडलंय, तिथेच बरं आहे.

कळावे, लोभ आहेच, तो गुडघ्यालाही सांग.

तुझा,
पाल्ले

ता. क. सकाळी नऊची बोट घे. दुपारी हेरिंग आणि राईचा पाव आहे. केक या खेपेला फुगेल.

ता. क. २. आता खरं काम. गुद्रुन जहाज आणून ठेवून कॉफी करायला आत गेली, तेव्हा कप्तानांनी माझ्या पाठीवर थाप मारली. म्हणाले, "लबाडा, खरं जहाज लपवून ठेवलं होतंस होय!" आणि मी हसलो. नुसता हसलो, ताई. एवढंच झालं. पण चर्चच्या पत्रकात 'श्री. पाल्ले यांनी स्वहस्ते बांधलेले' असं छापून आलं आहे, आणि परवा वाण्याच्या दुकानात मी लाल रंगाचे तीन हात दिल्याचं सांगितलं. गुद्रुन म्हणते, असू दे, काय फरक पडतो. फरक पडतो. मला लाज वाटते आणि तोंड उघडत नाही. दोनदा कप्तानांच्या दारापर्यंत जाऊन आलो. रविवारी पाळकबाई माझं नाव घेतील तेव्हा तू उभी राहा आणि खरं काय ते सांग. तू मोठी आहेस, तुला कोणी अडवणार नाही.

ता. क. ३. वन्सं, मी गुद्रुन. हे तिकीट आणायला गेलेत आणि पाकीट उघडंच टाकून गेलेत, म्हणून चार ओळी लिहिते. रविवारी तुम्ही उभ्या राहू नका, गुडघा दुखेल. कप्तानांना पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. माझ्या नखांना लाल रंग होता आणि यांच्या नव्हता. आता साऱ्या गावाला ठाऊक आहे, आणि हे कधी तोंड उघडतात याची सगळे मजेत वाट बघताहेत. उघडतील, मी ओळखते यांना. माझी एकच विनंती, चर्चला जायच्या आधी माळ्यावर चला, मी हात देईन, जिना सावकाश चढू. हे बंदरावर गेले की मी रोज जाऊन यांचं जहाज बघते. त्यात मागच्या बाजूला कप्तानाची खोली आहे, तिच्याबद्दल यांनी तुम्हाला काहीच लिहिलेलं नाही. काडीने दार ढकलून बघा. आत पलंग आहे आणि पलंगापाशी तांदळाएवढे दोन बूट. एक उभा आणि एक आडवा पडलेला, एस्किल्डभावजी ठेवायचे तसे.