नाळेतलं गुंजभर सोनं

लिहून ठेवणार केसर भ्रतार धर्मा तांडेल, वय वर्षे सहासष्ट, धंदा मासळी विक्री व सुकवणी, राहणार कोळीवाडा, मुरुड, जिल्हा कुलाबा. आई एकवीरा व खंडेराय यांना स्मरून, कोणाच्याही दडपणाशिवाय, राजीखुशीने व पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र करून ठेवते ते येणेप्रमाणे.

इथपर्यंतचे शब्द अंबाजी गुरुजींचे, पुढचे माझे. गुरुजी शाळेत शिकवतात, अक्षर चांगलं आहे, पण माणूस भित्रा. मी जरा आवाज चढवला की टाक खाली ठेवून म्हणतात, "केसरबाई, हे कागदावर नको." मी म्हणते, "गुरुजी, तुमच्या मृत्युपत्रात तुम्हाला हवं ते लिहा. हे माझं हाय. मी बोलते तसं उतरवा." माझ्या शुद्धीबद्दल कोणाला शंका असेल तर त्याने आज संध्याकाळी येऊन माझ्याशी सुकटीचा भाव करून बघावा.

वर नवऱ्याचं नाव लिहिलं आहे. आमच्यात बाई ते तोंडाने घेत नाही. मी आयुष्यात तीनदा घेतलं. एकदा लग्नात, एकदा यंदा शिमग्यानंतर सरकारी कागदासाठी, आणि आज. मधल्या वेळी का घेतलं ते खाली येईल.

कलम १. राहतं घर माझा मुलगा शिवदास याला. कौलं दरवर्षी मिरगाच्या आत चाळून घ्यावी, आळस करू नये. घरामागची बोंबील वाळवायची जागा, काठ्या आणि दोऱ्यांसकट, माझी मुलगी तुळशी हिला. "पोरीला कशाला?" असं विचारणारे आहेत, मला नावानिशी माहीत आहेत. नव्या कायद्याने मुलीचा हक्क आहे, गुरुजींनी वाचून दाखवलं. कायदा नसता तरी दिली असती. बाप गेल्यापासून सतरा वर्षं माझ्या बरोबरीने तिने पाटी डोक्यावर घेतली आहे.

कलम २. आता सोनं. केसरकडे बावीस तोळे सोनं आहे असं गावभर बोलतात. होतं. लग्नाचं थोडं, बाकी सुकट विकून, अंगावरचं लुगडं दोन वर्षं जास्त नेसून केलेलं. अठ्ठेचाळीस साली नबाबाचं संस्थान विलीन झालं तेव्हा रोज नवी आवई उठायची. आज लूट होणार, उद्या नोटा बंद होणार. माझे दीर कोंडाजी गळ्यातल्या माळेला हात लावून म्हणाले, "वयनी, माझ्याकडं ठेव. देवाजवळ राहील." प्रत्येक फेरीच्या मासळीतली एक पाटी आम्ही देवाच्या नावाने काढतो. तो पैसा भावोजींकडे जमतो. आदल्याच वर्षी त्यातून त्यांनी स्वतःला नवं जाळं घेतलं होतं, आणि विचारलं तर म्हणाले, देवाचं काय अडलंय! मी सोनं फडक्यात बांधलं आणि दरोग्यांच्या अमीनाखालाकडे नेऊन ठेवलं.

बायका म्हणाल्या, "त्यांच्याकडं? असल्या दिवसांत?" मी म्हटलं, "व्हय, असल्याच दिवसांत. बऱ्या दिवसांत कोणीपण सांभाळतो." चार महिन्यांनी खालाने तेच फडकं माझ्या हातात दिलं. गाठ मी मारलेली होती, जाळ्याला मारतो तशी. ती सोडून कोणी पुन्हा मारली असती तर मला कळलं असतं. खाला म्हणाली, "मोज गो केसर." मी मोजलं नाही, चहा प्यायले आणि घरी आले. खाला पाच नमाज पढायची, मी एकवीरेची. पण धर्म कशाला म्हणतात ते मी त्या गाठीवरून शिकले, माळेवरून नाही. माझ्या मालकांची पितळी पानपेटी खालाचा मुलगा इसाक याला द्यावी.

कलम ३. ते सोनं आता नाही. कुठे गेलं ते ऐका. गुरुजी, टाक खाली ठेवू नका.

यंदा संक्रांतीच्या सुमाराला सोन्याचा नवा कायदा आला, आणि लगेच किनाऱ्यावर पांढऱ्या कपड्यातली माणसं फिरायला लागली. ज्याची नाव त्याच्या दारात. माझ्याही आली. "आजी, एका फेरीचे पाचशे. खोल पाण्यात एक गाठोडं घ्यायचं, किनाऱ्याला द्यायचं." मी म्हटलं, "ही नाव मासळीसाठी बांधलीय. मासळीला वास येतो, पण तो धुतला की जातो." ते हसत गेले. माझ्या दारातून गेले, पण गावातून गेले नाहीत.

नाव बांधताना सुतार नाळेत, म्हणजे नावेच्या पुढच्या उचललेल्या टोकात, गुंजभर सोनं ठेवतो आणि वरून लाकडी खुंटी ठोकतो. आमच्यात ती देवाची जागा. तिला कोणी हात लावत नाही. शिमग्याला घरची बाई तिथे हळदकुंकू लावते, तेवढंच. म्हणजे लपवायला ती जागा ज्याला सुचली तो परका नव्हता. एवढा हुशार, पण एक गोष्ट विसरला. त्या खुंटीवरून माझं बोट चोवीस वर्षं फिरतं आहे.

यंदा बोट फिरवलं तर खुंटी नवी, डांबर ओलं. उपटली. आत परदेशी छापाची सोन्याची चार बिस्किटं. खाली आमची गुंज होती तशी. मी तिथेच नावेला टेकून बसले. बाहेर पोरं ढोल वाजवत होती आणि मला रडू आवरेना.

दुसऱ्या दिवशी बिस्किटं पाटीत घातली, वर बोंबील पसरले आणि जकातीच्या चौकीवर गेले. साहेबाच्या टेबलावर पाटी उपडी केली. साहेब दचकून उठला. "कोणाचं हे?" म्हटलं, माझ्या नावेत निघालं. "ठेवलं कोणी?" म्हटलं, मी. साहेब शहाणा होता. हळूच म्हणाला, "बाई, खरं सांगा. घरात तरुण माणूस कोण आहे?" मी म्हटलं, "नाव माझी, माल माझा. लिहून घ्या." त्याने लिहिलं, केसर भ्रतार धर्मा. मी अंगठा दिला.

मी जन्मात एवढं एकच खोटं बोलले आहे. मासळी शिळी असली तर शिळी म्हणून विकली. त्या खोट्याचा जाब एकवीरा विचारेल तेव्हा मी देईन, मधे कोंडाजींनी पडू नये. ज्याने बिस्किटं ठेवली त्याचं नाव इथे घालणार नाही. घ्यायचं असतं तर तेव्हाच घेतलं असतं. तो चौकीच्या दारात उभा होता, माझ्या मागोमाग आला होता. मी अंगठा दिला तेव्हा मान खाली घालून पायाने वाळू उकरत होता. एक शब्द बोलला असता तर मी तुरुंगात हसत गेले असते.

नाव तीन महिने अडकली. दंड एकवीसशे रुपये. बावीस तोळे अलिबागला नेऊन विकले. सोनार कसोटीवर घासून म्हणाला, "बाई, असं सोनं आता घडवायचं नाही. आता सगळं चौदा कॅरेट." मी म्हटलं, "माणसंपण तशीच निघालीत हो."

कलम ४. जमातीच्या बैठकीत कोंडाजी उठून म्हणाले, चोरट्या बाईच्या नावेचा देवाचा वाटा देवाला चालणार नाही. मी तेव्हाही मान खाली घातली नाही, आता मेल्यावर तर मुळीच घालणार नाही. कोंडाजींना माझी चुंबळ द्यावी, पाटीखाली डोक्यावर ठेवते ती. दुसऱ्याचं ओझं कधी डोक्यावर घ्यायची वेळ आली तर उपयोगी पडेल.

पोस्टातल्या पुस्तकात एकशे चाळीस रुपये आहेत. त्यातून माझं सरण आणावं. उरतील ते देवळात देऊ नयेत. ज्या घरातला माणूस दर्यावरून परत आला नाही त्या घरात तांदूळ द्यावेत.

कलम ५. नाव 'एकवीराप्रसाद', डोलकाठी, शीड व जाळ्यांसह, तुळशीला. शिवदासने तीवर तांडेल म्हणून, म्हणजे नाव हाकायला, जावं आणि तांडेलाचा दीड वाटा घ्यावा. नाळेतली गुंज कोणाचीच नाही. नाव मोडेल तेव्हा ती पुढच्या नावेत घालावी.

मात्र ज्याने नाळेतली खुंटी काढली तो नारळी पुनवेला, सगळी जमात नारळ घेऊन किनाऱ्यावर जमलेली असताना, नावेच्या नाळेवर हात ठेवून मोठ्याने म्हणाला, "ते मी ठेवलं होतं, आयनं न्हाय," तर तुळशीने त्याच वेळी किंमत म्हणून एक नारळ घेऊन नाव त्याच्या नावावर करून द्यावी. तुळशी कबूल आहे. मी जिवंत असताना म्हणाला तर हा कागद मी स्वतः फाडीन आणि घरात पुरणपोळ्या करीन. पूनव आठवड्यावर आली आहे. नाव शाकारलेली उभी आहे. मी रोज सकाळी तिच्याकडे बघते.

कलम ६. माझ्या कमरेची चावी शिवदासला. लोखंडी पेटीची आहे. शिवदास, मी झोपले असताना ती दोनदा चाचपून गेलास, मी जागी होते. आता हक्काने घे आणि पेटी उघड. आत दंडाची पावती आहे, दुसरं काही नाही. तुला वाचता येतं, मी त्यासाठीच शाळेत घातलं होतं. नीट वाच. चोर म्हणून त्यावर माझं नाव आहे, आणि माझ्या पुढे तुझ्या बापाचं.

सर्व मजकूर मला दोनदा वाचून दाखवला. गुरुजींनी तिसरं कलम गाळून वाचायचा प्रयत्न केला, तो मी पकडला. आता सगळं आहे.

मुक्काम मुरुड, रविवार, दिनांक २८ जुलै १९६३.

केसर भ्रतार धर्मा तांडेल, निशाणी डाव्या हाताचा अंगठा. चौकीत दिला तोच.

साक्षीदार:
१. इसाक दरोगे, शिंपीकाम, मुरुड. सही.
२. भागोजी नाखवा, खलाशी, कोळीवाडा, मुरुड. निशाणी अंगठा.

हस्ताक्षर अंबाजी गुरुजी. एकही शब्द गाळलेला नाही.