चिमणीचं एक वाजताचं औषध

वन्सं,

चिमणीला सात वाजता दुखण्याचं औषध दिलंय. पुढचं एक वाजता, जेवण झाल्यावर, बाटलीसोबतच्या मापानेच द्या. रडली तरी त्याआधी नको. प्लास्टरचा हात उशीवर उंच राहू दे. बोटं निळी किंवा गार पडली, तर माझी वाट न बघता दवाखाना गाठा.

"आई घरी असती तर पोर जिन्यावरून पडली नसती," हे तुमचं कालचं बोलणं मनाला लागलं. पण सुट्टी मागितली, तर सुपरवायझर बाई म्हणाल्या, "मग कायमचीच घ्या."

निघताना चिमणी म्हणाली, "मुळीच दुखत नाही, तू जा." ओठ घट्ट दाबून धरले होते तिने. मला दिसत होतं, तरी "शहाणी गं माझी" म्हणून मी चपला घातल्या.