देवीनं चुलीकडं बघितलं

माय, तुला जाऊन चाळीस वर्षं होऊन गेली अन् मी आता लिहायला बसले. चौथीपर्यंतच्या शाळेत जेवढं आलं तेवढ्यावर. अक्षर लागलं तर लाव, न्हाईतर राहू दे. तुला तरी कुठं वाचता येत होतं.

मी नांदेडात पोराकडं राहते. नात कॉलेजात हाय, ती कादंबरी लिहून राहिली. फॅन्टसी म्हणतेत त्याला. जे राज्य कुठंच नसतं त्याची गोष्ट. दुपारी मला वाचून दाखवती. त्यात दोन बाया. एक राणी, सिंहासनावर बसून नुसत्या नजरेनं लढाया जिंकणारी. दुसरी देवळातली पवित्र कुमारी. तिच्या अंगात देवी उतरती अन् वारं नसताना केस उडतेत. मी म्हणलं, "तुझ्या राणीच्या फौजेला भाकरी कोण थापतं गं?" ती म्हणली, "आज्जी, राणी म्हणजे सत्तेचं प्रतीक असतंय." म्हणलं, "असू दे की. अन् त्या दुसरीला कुणी आंघोळीला पाणी काढून देतं का? का प्रतीक हाय म्हणून पारोशीच?" रागावली, वही मिटली. मग जरा वेळानं आपणहूनच जवळ सरकली. "ती देवळातली बाई मी तुझ्या आईवरून घेतली. तिच्या अंगात माहूरची देवी यायची ना? पप्पा हसतेत, नाटक होतं म्हणतेत. खरं काय गं?" मी भेंडी चिरत होते. चिरतच राहिले.

मी लहान हाय, शुक्रवार हाय. मुखेडकडल्या आपल्या घरी ओसरीवर बाया दाटल्यात. एरवी तुझ्याशी कुणी सरळ बोलत न्हाई. आत्या तुला "ए" म्हणून हाक मारती, बाप तेवढंबी म्हणत न्हाई. पण शुक्रवारी तुझे केस सुटले की तीच आत्या तुझ्या पायावर पाणी घालती, बाप हात जोडून खाली बसतो. विहीर कुठं खणायची, कुणाची सून माहेरातून आणायची, सगळं तू सांगतेस अन् कुणी तुझं वाक्य मधी तोडत न्हाई. त्या दिवशी माझ्या सोयरिकीची बोलणी चालू होती, नायगावकडलं स्थळ. मी अकरा वर्षांची. तू घुमायला लागलीस. आवाज जाड झाला. "ही पोर माझी हाय. सातवी होऊस्तोवर हिला हळद लावाल तर या घरात दिवा राहायचा न्हाई!" बापाचं तोंड उतरलं. "न्हाई लावत, माय," म्हणला. तुला माय म्हणला तो! झालंच होतं तुझं काम. तेवढ्यात मी दारातून ओरडले, "माय, दूध उतू चाललं!" अन् देवीनं मान वळवून चुलीकडं बघितलं.

अंगात आलेल्या बाईला घरचं काही दिसत न्हाई, ऐकू येत न्हाई, हे शेंबड्या लेकरालाबी ठाऊक. ओसरीवरल्या बायांनी एकमेकींकडं बघितलं. मग आत्या हसली. "देवीला दुधाची लई काळजी गं बाई!" त्याच महिन्यात मला हळद लागली.

तू मारलं न्हाई, बोललीबी न्हाईस. पुढच्या शुक्रवारी बाया नारळ घेऊन आल्या, त्यांना "गेली ती" म्हणून परत लावलंस. पंचमीला मी माहेरी आले तर भोचकपणानं विचारलं, "देवी का येईना गं आता?" तू पीठ मळता मळता म्हणलीस, "तिला घरचं काम लई झालं." मी हसले. तू न्हाई हसलीस. तिथून पुढं मरेपर्यंत तू सगळ्यांची "ए"च राहिलीस. अन् मी ही गोष्ट सासरी सांगितली, हळदीकुंकवाला सांगितली, लेकरांना जेवताना सांगितली. माझी माय नाटक करायची अन् मी तिला कशी पकडली. लोक पोट धरून हसायचे. मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

नातीला काल सांगितलं, "येत होती. खरी येत होती." "काय म्हणायची देवी?" "पोरीला शिकवा म्हणायची." तिनं लगेच लिहून घेतलं. म्हणली, तिच्या डोळ्यातून उजेड निघतो असं दाखवते. म्हणलं, "दाखव. पण केस नको उडवू. तेलानं चप्प असायचे." आता ती राणीला काढूनच टाकायचं म्हणती, तुलाच सिंहासनावर बसवायचं. बसव म्हणलं. तेवढं माझ्या हातून झालं, तेबी खोटं सांगून.

ती यायच्या आत हा कागद फाडते. सापडला तर पुस्तकात घालंल, अन् मग तुझं सिंहासनबी जाईल. अजून एक गोष्ट मी सांगताना कायम गाळत आले. त्या दिवशी चुलीवर दूध नव्हतंच, माय. तू कुणासाठी घुमून राहिलीस ते मला कळलं होतं. पण मला लग्न पाहिजे होतं. मुंडावळ्या बांधून बसायचं होतं, अन् सगळ्या गावानं माझ्याकडं बघायला पाहिजे होतं, शुक्रवारी तुझ्याकडं बघायचे तसं.