लहान पुलापासून गिरणीपर्यंत, होडीने

१४ मे
आजपासून रोजनिशी. मोठं काम हाती घेतलं की माणसाने लिहून ठेवावं.

रविवारी लेक टेम्पो आणणार आणि आम्हा दोघांना सामानासकट तिच्या घरी कायमचं नेणार, असं मायलेकींनी फोनवर परस्पर ठरवलंय. मला कुणी विचारलं नाही. कपाटालाही विचारलं नाही म्हणा. मी आणि कपाट, दोघं सामानातच धरलेले.

लेक म्हणते, बाबा, तुम्हाला आता झेपत नाही. न झेपायला काय झालं? सगळी हयात पंक्चरच्या दुकानात उकिडवं बसून काढली. झेपतं!

रात्री हिच्याशी पैज लागली. आपल्या ओढ्यातून लहान पुलापासून जुन्या गिरणीपर्यंत होडीने जायचं, काठाकाठाने चालत परत यायचं, आणि दिवसभरात कुणालाही मदतीची हाक मारायची नाही. जमलं तर ही लेकीला सांगणार, टेम्पो आणू नकोस. नाही जमलं तर मी निमूट टेम्पोत बसायचं. ही लगेच म्हणाली, चालेल. इतक्या पटकन म्हणाली, म्हणजे तिलाही मनातून इथेच राहायचंय.

१५ मे
भंगारवाल्याकडून रबरी होडी आणली. तो म्हणाला, काका, पोहता येतं ना? म्हटलं, सायकल असताना कुणी पळत जातं का? मग होडी असताना पोहायचं कशाला? त्याने पैसे मोजून घेतले. पटलं असावं.

होडीला जुनी ठिगळं होती. लावणाऱ्याला आमच्या दुकानात वर्षभर झाडू मारायला ठेवला असता. सगळी उपटून काढली. आता घरचा पॅच.

रात्री : सोल्यूशनची ट्यूब दुकान बंद केलं तेव्हाची. जरा घट्ट झालीय. घट्ट म्हणजे चिकटायला चांगलंच.

शेजारचा कंडक्टर येऊन गेला. रिटायर झाला, पण अजून दारात उभा राहून सगळ्या गल्लीला पुढे सरकवत असतो. म्हणतो, अण्णा, ही गादी कुणासाठी? मी पॅच दाबत राहिलो. आपल्याला शब्द नाही, हात चालवायचेत.

१६ मे, पहाटे
पाचला उठून दंडाचे व्यायाम करायचे ठरले होते. उठलो. कंबर उठली नाही.

दुपारी : कपाटाच्या मोडक्या फळीची वल्ही केली. एक लांब झालं, एक आखूड. वळायला बरं पडेल.

ही आवराआवर करतेय. म्हटलं, आवरतेस कशाला, उद्या पैज जिंकणार आहे मी. म्हणाली, साफसफाई हो. साफसफाईत कपबशा वर्तमानपत्रात गुंडाळतात, हे इतक्या वर्षांच्या संसारात प्रथमच कळलं.

१७ मे, सकाळी सात, लहान पूल
वही प्लॅस्टिकच्या पिशवीत आणलीय. कानस, पॅच, सोल्यूशन खिशात. कारागिराने हत्यार सोडू नये.

ही छत्री आणि डबा घेऊन काठाने चालणार. गुडघे दुखतात, घरी थांब म्हटलं. म्हणाली, घरी बसून फोनची वाट बघण्यापेक्षा डोळ्यांनी बघितलेलं बरं.

कंडक्टरही आलाय. म्हणे मॉर्निंग वॉक. खांद्यावर दोरी टाकून कोण वॉक घेतं?

नऊ
पाणी घोट्याएवढं. उन्हाळ्यात ओढा आटतो ही गोष्ट प्लॅनिंगमध्ये राहून गेली. होडी डोक्यावर घेऊन चाललोय. 'होडीने' असं ठरलं होतं; कुणी कुणावर बसायचं हे ठरलं नव्हतं. शिवाय डोक्याला सावली.

अकरा
पाणी लागलं! बसलो. वल्हं मारलं की होडी जागच्या जागी गोल फिरते. चारी दिशा नीट पाहून झाल्या. दोनदा.

ही बरीच पुढे गेली. मी मुद्दामच सावकाश चाललोय. तिला वाटायला नको, गुडघ्यांमुळे आपण मागे पडतो.

दुपारी
मी पोचलो तेव्हा हिचं जेवण आणि एक डुलकी आटोपली होती. माझा वाटा झाकून ठेवला होता. दगडावर बसून तिने पाण्यात पाय सोडले आणि लहान मुलीसारखी हसली. म्हणाली, ओढ्याच्या काठी जन्म गेला, पण पाय बुडवून बसायला आजच मिळालं. म्हटलं, इथे राहिलो की रोज येऊ. तिने डबा आवरला. उठताना हात पुढे केला. मी तिला ओढलं, तिने मला ओढलं. दोघं उभे राहायला बराच वेळ गेला. हाक मात्र कुणाला मारली नाही.

उभी राहिल्यावर म्हणाली, लेकीकडे लिफ्ट आहे.

वाऱ्यामुळे नीट ऐकू आलं नाही, असं मी दाखवलं. वारा नव्हता.

संध्याकाळी, घरी
गिरणी समोर दिसत होती. हातभर राहिली होती. तेवढ्यात होडीच्या कडेला पाण्यातून बुडबुडे. दुसरा घाबरला असता. मला तर दुकानातल्या पाण्याच्या घमेल्याचीच आठवण झाली. बुडबुडे म्हणजे पंक्चर सापडलं! निम्मं काम झालं. लगेच कानस काढली आणि घासायला घेतलं.

हवा आधी काढायची असते. पण हवा काढली तर मी बसणार कशावर? या मुद्द्यावर विचार चालू असतानाच फुस्स झालं आणि होडी माझ्याभोवती मिटली.

मी कंडक्टरला हाक मारली, ती मदतीची नव्हती. बुडबुडे कसे ओळखायचे हे त्याला दाखवायचं होतं. आता 'मेलो, मेलो' कशाला म्हणालात, असं ही विचारते. बोलण्याच्या ओघात येतं एखादं.

ही काठावरून ओरडली, अहो, उभे राहा! राहिलो. पाणी गुडघ्यापर्यंत. चिखलही तेवढाच, म्हणून दोरी लागली. एक चप्पल ओढ्याने ठेवून घेतली.

येताना कंडक्टरच्या खांद्यावर हात ठेवून आलो. तो एकटा पडू नये म्हणून. ही म्हणाली, हाक मारलीत. म्हटलं, उद्या बोलू.

१८ मे, सकाळी
लेक आली. अंगात ताप नाही, कुठे खरचटलं नाही. सबब सापडत नाही. सामान भरलं. होडी घडी करून सगळ्यांत वर.

आणि देवच पावला! टेम्पो निघणार तोच पुढचं चाक बसलं. स्टेपनी आधीच पंक्चर. ड्रायव्हरने कपाळावर हात मारला. आज काही निघत नाही म्हणाला, रविवारी दुकानं बंद. ही खाली गाठोड्यावर टेकली आणि गुडघा चोळत राहिली. माझ्या मनात लाडू फुटत होते. आज टळलं, उद्याचं उद्या बघू. परवाचं परवा.

ड्रायव्हरने सहज विचारलं, इथे कुणाला पंक्चर काढता येतं का?

मी तोंडावर हात ठेवला होता. ठेवला होता खरोखर. पण तो पुढे म्हणाला, नाहीतरी जुन्या माणसांचे पॅच टिकत नाहीत.

दुपारी, टेम्पोत
ड्रायव्हरकडे सोल्यूशन नवं होतं, वापरता मात्र येत नव्हतं. उरलीसुरली हवा काढली, ट्यूब घासली, पॅच बसवला, घमेल्यात बुडवून पाहिली. सगळी गल्ली बघत होती. कंडक्टरने टाळी वाजवली आणि तोंड फिरवून पुढे सरका, पुढे सरका म्हणाला.

ओढा मागे पडला. हिने माझ्या खांद्यावर डोकं टेकलंय. दर वळणावर खिडकीबाहेर वाकून चाक बघतो.

एक बुडबुडा आला नाही.